कमान हवी, फांदी नको!

होळी बाजारातून वसईचा किल्ला हाकेच्या अंतरावर. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकलेल्या या किल्ल्यात झाडोरा मातलाय, आणि ऑटोफोकस नेमका पुढची फांदी पकडतो. मागची दगडी कमान धूसर!

इथे मॅन्युअल फोकस कामाला येतो. मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये थेट सेन्सरवरचं चित्र दिसतं, त्यामुळे ते कित्येक पट मोठं करून पाहता येतं. रिंग हलकेच फिरवायची. दगडाच्या कडा उमटतात, मग पुन्हा विरघळतात. त्या दोहोंच्या मधे थांबायचं.

फोकस पीकिंग कडांना लाल-पिवळा रंग देतं. दिसायला झकास, पण ते मोजतं फक्त कॉन्ट्रास्ट. एफ 1.4 ला उन्हातल्या खरखरीत भिंतीचा बराच पट्टा रंगतो आणि नेमका फोकस हुकतो. खात्री झूम करूनच.

जुन्या एम 42 लेन्सांची खरी मजा इथेच. त्यांना सेन्सरपासून 45.46 मिमी अंतर लागतं, सोनी ई माउंटचं आहे 18 मिमी. उरलेल्या जागेत अडॅप्टर बसतो. मात्र 'लेन्स नसताना शटर' हा पर्याय मेन्यूत चालू करायला विसरलं, तर काही कॅमेरे क्लिकच करत नाहीत.