सेवेतील शिक्षणाची नोंद

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. प्रारंभी तिच्यात सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. दर वर्षी १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची आणि एका विशेष शिबिरात भाग घ्यावयाचा, म्हणजे प्रमाणपत्र मिळते. ते तास सांगते. त्या तासांत विद्यार्थी काय शिकला, याविषयी मौन पाळते.

वस्तुतः हे शिक्षण कमी प्रतीचे नसते. दत्तक गावात घरोघर पाहणी करणारी विद्यार्थिनी अनोळखी माणसाला बोलते करावयास शिकते. शिबिराच्या शिध्याचा हिशेब ठेवणारा तुटपुंज्या रकमेत सर्वांचे जेवण भागवावयास शिकतो. ग्रामस्थांचे म्हणणे ऐकून आपलाच आराखडा बदलावा लागतो, हा धडा तर वर्गात क्वचितच मिळतो. शिक्षकाला, तलाठ्याला, परिचारिकेला हेच गुण लागतात. तथापि नोकरीच्या अर्जात त्यांना रकाना नसतो. ज्याच्यापाशी ना मोठी टक्केवारी, ना वशिला, त्या तरुणाची ही कमाई मग वाया जाते.

काही विद्यापीठांत सेवेबद्दल वाढीव गुण मिळतात. परंतु गणितातील उणीव श्रमदानाने भरून काढल्याने गणितही येत नाही आणि श्रमदानाचे मोलही कळत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्गाबाहेरील शिक्षणालाही श्रेयांकाची वाट मोकळी केली, हे स्वागतार्ह आहे. ३० तासांच्या शिक्षणास एक श्रेयांक, असा त्याचा हिशेब आहे. मात्र हजेरीपट पाहूनच श्रेयांक वाटले, तर जुनाच दोष नव्या नावाने नांदेल.

युरोपात युवा उपक्रमांतील सहभागाबद्दल २००७ पासून ‘यूथपास’ दिला जातो. त्यात आपण काय शिकलो, हे तरुण मार्गदर्शकाशी चर्चा करून स्वतःच मांडतो. ती पदवी नव्हे. पण शिकलेले त्यात शब्दांत उतरते.

सेवेचा मोबदला मागितला की सेवाभाव आटतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु नोंद म्हणजे मोबदला नव्हे. स्वयंसेवकाच्या दैनंदिनीत तासांशेजारी काय केले, काय चुकले व काय उमगले, एवढे लिहिले जावे. कार्यक्रम अधिकाऱ्याने त्यावर चर्चा करूनच स्वाक्षरी करावी आणि मुलाखत घेणाऱ्याने ती पाने उघडून प्रश्न विचारावेत. यास नवे खाते नको, फारसा खर्चही नको. स्वाक्षरीपूर्वी पान वाचण्याची सवय मात्र हवी.