जत्रांच्या फडाचा हंगाम

दिवाळी सरून थंडी पडू लागली, म्हणजे बीड जिल्ह्यातून मुकादमाची उचल अंगावर घेतलेली ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे रवाना होत असतात. आणि त्याच सुमारास मागे राहिलेल्या तालमींतले मल्ल यात्रांच्या तारखा जुळवू लागतात. महाशिवरात्रीपासून चैत्र-वैशाखातल्या ग्रामदैवतांच्या यात्रांपर्यंत हा हंगाम ऐन भरात असतो. फडावरची कुस्ती हा व्यवसाय आहे खरा, परंतु त्याचा करारनामा तोंडी असतो आणि त्याची तिजोरी म्हणजे गावकऱ्यांची वर्गणी.

फडाची रीत ठरलेली आहे. हलगी कडाडते, प्रथम पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, आणि मग इनामाची रक्कम जसजशी चढत जाते, तसतसे जोडही भारी होत जातात. पंच दोघा मल्लांना हाताशी धरून फडातून फिरवतात, नाव आणि गाव पुकारतात. जोड विषम वाटला तर प्रेक्षक तेथेच हरकत घेतात, आणि ही हरकत पंचांना सहसा डावलता येत नाही. येथे गुणफलक नाही. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली तरच कुस्ती निकाली. न लागल्यास बरोबरीत सोडवून इनाम वाटून द्यायचे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण वेचणारी गादीवरची कुस्ती घाई शिकवते, तर माती दम आणि दबा शिकवते. मला स्वतःला मातीचाच पक्षपात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

या मातीतल्या कुस्तीला कोल्हापुरात शाहू महाराजांचा राजाश्रय लाभला आणि १९१२ साली तेथे खासबागेचे कुस्ती मैदान सिद्ध झाले. बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्याने त्या आश्रयाच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणूनच या जिल्ह्यातला होतकरू मल्ल आजही पुण्या-कोल्हापूरची वाट धरतो. पाटोद्याचे राहुल आवारे असेच पैलवान वडिलांच्या हाताखालून निघून पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत, १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार यांच्यापाशी आले, आणि पुढे काका पवार यांच्या कुस्ती संकुलात घडले. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य.

अशा पदकांमागचा हिशेब मात्र फडावरच्या टाळ्यांत दिसत नाही. बिदागी हंगामात मिळते, खुराक बाराही महिने लागतो. दूध, तूप, बदाम आणि मांसमटण यांचा खर्च पावसाळ्यात फड विरळ झाले म्हणून थांबत नाही, आणि दुष्काळाच्या साली तर वर्गणीच आटते. एक गुडघा दुखावला की अख्खा हंगाम बुडाला. त्याची भरपाई देणारी कोणतीही यात्रा कमिटी अस्तित्वात नाही. यात्रा कमिट्यांनी शेवटच्या मानाच्या कुस्तीचे इनाम थोडे आखडून त्यातला हिस्सा गावच्याच तालमीतील पोरांच्या खुराकासाठी राखून ठेवला, तर तो अधिक शहाणपणाचा व्यवहार होईल. तोवर लष्कर, रेल्वे किंवा पोलीस खात्यातली नोकरी हेच मल्लाचे खरे वतन. आवारे यांनाही पदकांनंतर महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षकपद मिळाले.