पाच अवस्थांची वाटणी

सकाळी साडेनऊ. कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये. माझं काम लॅटिस क्यूसीडीचं: अवकाशाचं जाळं करायचं आणि त्यावर क्वार्कांचा हिशेब मांडायचा. पेटी तीनेक फेम्टोमीटरची, शेजारच्या गाठींमधलं अंतर फेम्टोमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं. उजवीकडून बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो. म्हणजे भिंती नाहीत, पण जागेचा आकार घनाचाच.

अकरा. नवी विद्यार्थिनी आलेख घेऊन येते. "मॅडम, कोनीय संवेग २ म्हणजे पाच अवस्था ना? मग इथे दोन आणि तीन असे वेगळे गट कसे पडले?" मी ड्रॉवरमधला लुडोचा फासा तिच्या हातावर ठेवते. सहापैकी कुठलीही बाजू वर आण, ती तशीच ठेवून चारदा वळव. सहा चोक चोवीस. मोकळ्या अवकाशात कितीही अंशांनी फिरलं तरी चालतं. घनाला एवढी चोवीसच वळणं मानवतात. तेवढ्यांच्या बळावर पाचही अवस्था एकत्र राहत नाहीत. हान्स बेथे यांनी १९२९ साली स्फटिकातल्या अणूंसाठी हे गणित मांडलं. माणकाच्या लाल रंगामागेही क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनांची हीच वाटणी आहे. ती फासा फिरवत बसते. मी तिला घाई करत नाही.

दीड. कँटीन.

दोन ते पाच. चार्म क्वार्क आणि त्याच्या प्रतिकणाची जोडी. दोनाच्या गटातून एक वस्तुमान मिळतं, तिनाच्या गटातून दुसरं. जाळं भरड असताना आकडे जुळत नाहीत, बारीक केलं की जवळ सरकतात. ते एक झाले, तर कण एकच आणि संवेग २, असं म्हणायला आधार मिळतो. नुसता एक गट पाहून बोलू नये: तिनाच्या गटात संवेग ३ चा कणही येतो, आणि शून्याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटात ४ चासुद्धा. नव्या कणाची घोषणा करण्याआधी ही छाननी व्हायलाच हवी, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

सहा. जाळ्यातलं अंतर निम्मं केलं की काळ धरून गाठी सोळापट होतात. तरीही बारीक जाळ्याचे जॉब रांगेत लावले. दोन वस्तुमानांतला फरक तिथेही घटला, तरच तक्त्यात या कणापुढे २ लिहीन.