कुटुंबवैद्य आणि दशविध परीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील दशविध परीक्षा आपण सर्वांनी पदवीच्या वर्षांत पाठ केली. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय ही ती दहा अंगे. विकृती रुग्णालयातील खाटेपाशी उत्तम शिकता येते. प्रमाण मोजता येते, वय विचारता येते. सात्म्य, सत्त्व व आहारशक्ती यांचे यथार्थ ज्ञान होण्यास मात्र वर्षे लागतात. आजीला कोणते औषध सोसत नाही, सुनेची भूक कोणत्या ऋतूत मंदावते, घरचा कर्ता पुरुष दुखणे अंगावर काढणारा आहे की क्षुल्लक तक्रारीने घाबरणारा, हे ज्यास ठाऊक असते तो कुटुंबवैद्य.

बी.ए.एम.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता यांत विद्यार्थ्याला एक रुग्ण बहुधा एकदाच भेटतो. तो पुन्हा येतो तेव्हा विद्यार्थी दुसऱ्या विभागात गेलेला असतो. आंतरवासितेतील काही काळ एखाद्या जुन्या, चालत्या दवाखान्यात जावा आणि चार-पाच कुटुंबे विद्यार्थ्याकडे सोपवावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्णास पुढे केव्हा धाडावे, हेही तो तेथेच शिकेल. मधुमेही व्यक्तीचा हृदयविकार छातीत न दुखताही, केवळ घाम, मळमळ व थकवा यांच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. त्यास अम्लपित्त समजून अविपत्तिकर चूर्णाची पुडी हाती देणे प्राणावर बेतेल.

औषधविक्रेत्या बंधूंचाही येथे संबंध आहे. आमवाताचे काही रुग्ण जुन्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या महिनोन्‌महिने नेतात व वैद्यास सांगत नाहीत. पुढे सिंहनाद गुग्गुळाने बरे वाटू लागले की गोळ्या एकदम सोडतात. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड असे एकाएकी थांबविल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या ढासळू शकतो, कारण शरीराची स्वतःचे संप्रेरक निर्माण करण्याची क्रिया तोवर मंदावलेली असते. अनुसूची ‘एच’मधील औषध, चिठ्ठीवर तसा निर्देश नसता, पुन्हा देऊ नये, हा नियम आहेच. (तो किती पाळला जातो, हे उभयतांना ठाऊक आहे!)

आम्ही प्रत्येक कुटुंबास एक वही देतो. कोणत्याही पॅथीचे औषध चालू असो, त्याची नोंद तीत होते. गोपनीय व्याधींची टिपणे मात्र दवाखान्यातच राहतात. विक्रेत्याने औषध देण्यापूर्वी ती वही मागावी आणि दिलेले औषध, मात्रा व तारीख स्वहस्ते लिहावी, एवढीच विनंती.