भातामागून वाल : नत्राचा हिशेब

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला, की बहुधा 'काय घालायचे नाही' याचीच चर्चा होते. युरिया नको, कीटकनाशके नकोत, हे ठीक आहे. पण पिकाला नत्र तर हवेच. ते आणायचे कोठून? 'शेणखतातून' हे उत्तर अपुरे आहे. शेणातले नत्र चाऱ्यातून आले आणि चाऱ्यातले जमिनीतून. म्हणजे शेणखत नत्र एका जागेवरून दुसरीकडे नेते. हवेतून नवे आणत नाही.

किती नत्र जाते?

हिशेब वर्गातही करता येईल. तांदळात सुमारे 7 टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सरासरी 16 टक्के नत्र असते. म्हणजे एक टन तांदूळ गावाबाहेर गेला, की त्याबरोबर सुमारे 11 किलो नत्र जाते. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणून हे नत्र सुमारे 24 किलो युरियाइतके झाले. पेंढ्यातून, पाण्याबरोबर आणि वायुरूपाने जाते ते वेगळेच. ही तूट दरवर्षी भरून निघाली नाही, तर जमीन हळूहळू निकस होते. सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची तुलना करणाऱ्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सेंद्रिय शेतीचे उत्पादन सरासरी 25 टक्क्यांनी कमी आढळले. वेळेवर पुरेसे नत्र न मिळणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होते.

मुळांवरचा कारखाना

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. पण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जखडलेले असतात, त्यामुळे वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत हा बंध तोडून अमोनिया बनवून दाखवला, आणि 1913 मध्ये कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांतून जर्मनीत ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. या पद्धतीला 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो.

हेच काम शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जीवाणू साध्या तापमानाला करतात. मात्र तेही फुकट होत नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे किमान 16 रेणू खर्ची पडतात आणि त्यासाठी लागणारी साखर झाड पुरवते. म्हणूनच जमिनीत आधीच भरपूर नत्र असेल, तर झाड फारशा गाठी धरत नाही.

रायगडचा वाल

रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाली, की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. थंडीत कोवळ्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून त्यांची पोपटी लावतात आणि सुका वाल वर्षभर बिरड्याला होतो.

वाल पेरला म्हणजे जमीन आपोआप सुपीक झाली, असे मात्र नाही. वालाच्या दाण्यात सुमारे 24 टक्के प्रथिने असतात, म्हणजे एक क्विंटल वालाबरोबर जवळजवळ 4 किलो नत्र शेताबाहेर जाते. जमिनीला मिळते ते मुळांतले, गळलेल्या पानांतले आणि गुरांनी खाऊन शेणातून परत केलेले. वालाचा पाला जाळला, तर त्यातले बहुतेक नत्र हवेत निघून जाते.

ताटातली जोडी

शेतातली ही जोडी ताटातही उपयोगी पडते. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते वालात भरपूर असते. वालात मेथिओनिन कमी, ते तांदळात बऱ्यापैकी असते. वाल भिजवून, मोड आणून, सोलून शिजवण्याच्या रीतीलाही अर्थ आहे. पोटात वायू धरणाऱ्या शर्करा भिजवताना आणि मोड येताना कमी होतात, सालाबरोबर टॅनिन निघून जाते आणि प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये उष्णतेने निष्क्रिय होतात.

आज अडचण आहे ती शेताबाहेर. जमिनी बंगल्यांखाली जात आहेत. भातानंतर गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. पूर्वी शिवारभर वाल असे, तेव्हा राखणही मिळून होई. आता एकट्यानेच पेरला, तर उनाड गुरे तो ठेवत नाहीत. शिवाय बिरडे सोलायला वेळ नाही म्हणून मागणी घटली, तर वाल पेरणाऱ्यांची संख्या आणखी घटते. भातामागून शेत मोकळे राहिले, की नत्रासाठी पुन्हा युरियाच्या गोणीकडे वळावे लागते. म्हणून सेंद्रिय तांदूळ हवा असेल, तर त्याच शिवारातला वालही विकत घ्यावा लागेल. केवळ तांदळाला चढा भाव देऊन भागणार नाही.

'स्थानिक' या शब्दालाही इथे वैज्ञानिक अर्थ आहे. स्फुरद कोणताही जीवाणू हवेतून आणू शकत नाही, कारण तो तिथे नसतोच. धान्याबरोबर गेलेला स्फुरद परत यायचा, तर खाणारा आणि शेत यांतले अंतर थोडे हवे. तालुक्यातल्या बाजारातला टाकाऊ भाजीपाला शेतावर परत जाऊ शकतो. दूरच्या शहरातला बहुधा कचरा-डेपोत संपतो.

करून पाहा

वाल, चवळी किंवा हरभरा फुलावर असताना शेतकऱ्याच्या परवानगीने एक रोप मुळासकट हलक्या हाताने खणून काढा. मुळे पाण्यात धुवा, गाठी मोजा आणि दोनचार गाठी ब्लेडने कापा. आत गुलाबी रंग दिसला, तर तो लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठ कामात आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ बहुधा काम करत नसते. शेजारच्या गवताचे मूळही ताडून पाहा. त्यानंतर विद्यार्थ्यांना आठवडाभर घरात शिजलेली कडधान्ये लिहून आणायला सांगा आणि त्यांतली कोणती आपल्या तालुक्यात पिकली, याचा तक्ता करा. त्या तक्त्यातल्या रिकाम्या जागा आणि गावातली भातानंतर मोकळी राहणारी शेते यांचा काही संबंध लागतो का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.