ऑगस्टचा रकाना

न्हावा शेवा बंदरात रात्रभर काम चालतं. जासईच्या बाजूच्या डोंगरउतारावरून क्रेनांवरचे दिवे, कंटेनर यार्डातले हायमास्ट आणि अटल सेतूवरची दिव्यांची रांग स्वच्छ दिसते. त्याच उतारावर, आजोबांच्या वरकस जमिनीत, एका आगरी कुटुंबाने घर बांधायला घेतलं आहे. तिथे विजेचा खांब नाही. मधल्या शेतांतून खांब आणायचे तर खर्च मोठा, शिवाय शेतमालकांची संमतीही लागणार. म्हणून घर पूर्णपणे सौर विजेवर चालवायचं ठरलं आणि उरणकडचे एक सोलरवाले दादा आखणी करायला आले. मी त्यांच्यासोबत बसलो होतो.

‘किती किलोवॅटचं बसवायचं?’ हा घरच्या मुलाचा पहिला प्रश्न. तो बंदराजवळच्या कंटेनर गोदामात पाळीवर काम करतो. दादांनी उत्तर दिलंच नाही. वही उघडून त्यांनी सुनेला विचारलं, ‘वहिनी, सकाळी पहिला दिवा किती वाजता लागतो?’ पुढचा बराच वेळ पॅनलचं नावही निघालं नाही. कोण किती वाजता झोपतं, मिक्सर रोज लागतो की आठवड्यातून दोनदा, रात्री किती पंखे चालतात, विहिरीचं पाणी टाकीत चढवायला किती वेळ लागतो, एवढंच चाललं होतं. मला हा सगळ्या कामातला सर्वात मोलाचा भाग वाटला. लोक पॅनल आधी विकत घेतात आणि हिशोब मागाहून करतात. मग पहिल्याच पावसाळ्यात अंधारात बसतात.

वहीत उतरलं ते असं. नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे, पाच तास. तीन पंखे, दहा तास. पंख्यांपाशी दादा थांबले. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आत-बाहेर. तीन पंख्यांचा रात्रभराचा फरक सव्वा युनिटच्या पुढे जातो. तो भरून काढायला वाढवावी लागणारी बॅटरी या महाग पंख्यांहून कितीतरी महाग पडते. त्यामुळे पंख्यांचा निर्णय जागच्या जागी झाला. मग टीव्ही, मोबाइल, राउटर, मिक्सर, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आणि फ्रीज. बेरीज आली दिवसाला सुमारे 2.9 युनिट. इन्व्हर्टर, बॅटरी, तारा, तापलेलं पॅनल या सगळ्यांत जाणारी वीज धरून पॅनलकडून 3.9 मागायची.

आता ऊन. एका चौरस मीटरवर हजार वॅट पडतील असं भरगच्च ऊन दिवसभरात मिळून किती तासांचं होतं, ते धरायचं असतं. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये हा आकडा सहाच्या पुढे जातो, जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीन-चारच्या आसपास येतो. तीही सरासरी. झड लागली की एकही तास भरत नाही. वर्षाची सरासरी पाचच्या आसपास असते, आणि त्या पाचावर आखणी करणं ही इथली सर्वांत मोठी फसगत. दादांनी बारा महिन्यांचे बारा रकाने आखले आणि जुलैवर गोल केला.

तेव्हा आतापर्यंत गप्प असलेल्या आजी बोलल्या. ‘आखाडान फ्रीज कशाला? दर्या बंद. ताजा म्हावरा नाय. सुका हाय डब्यान.’

दादांनी पेन खाली ठेवलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. या घरात फ्रीज मुख्यतः मासळीसाठी. त्या दोन महिन्यांत सुकट-बोंबलावर भागतं. झाडांना पाणी लागत नाही, म्हणून पंपही निम्माच चालतो. ऊन कमी होतं तेव्हा या घराची गरजही कमी होते. 2.9 चे दोन युनिट झाले. पण मग ऑगस्ट? नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात, मासळी घरात येते, फ्रीज सुरू होतो, आणि आभाळ मात्र अजून तसंच भरलेलं. गोल जुलैवरून पुसला गेला आणि ऑगस्टवर आला. हा महिना कुठल्याही तक्त्यात सापडला नसता, कारण तो नुसत्या आभाळावर ठरलेला नव्हता.

मुलाने मध्येच सरकारी योजनेचं विचारलं. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देते, पण ती मुळात ग्रीडला जोडलेल्या छतांसाठी. तसल्या छतावरची वीज महावितरणच्या लाइनला जोडलेली असते आणि लाइन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. इथे लाइनच नाही. मग जनरेटर? समोरच्या घारापुरी बेटाला समुद्राखालून केबल टाकून फेब्रुवारी 2018 मध्ये वीज पोहोचली. त्याआधी राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिन्ही वाड्यांची संध्याकाळ डिझेल जनरेटरच्या काही तासांवर निघायची. गोंगाट आणि डिझेलचा खर्च आजींच्या नात्यातल्यांनी भोगलेला, म्हणून रोज जनरेटर लावायला त्यांचा साफ नकार.

दादांनी आधी 540 वॅटची तीन पॅनलं धरली होती. ती एकामागे एक जोडली तर उघड्या सर्किटचा दाब 148 व्होल्टच्या आसपास जातो. बॅटरी चार्ज करणारा कंट्रोलर 150 व्होल्टचा. पॅनल थंड झालं की दाब वाढतो. डिसेंबरातल्या पंधरा अंशांच्या सकाळी तो 150 ओलांडेल आणि कंट्रोलर जळेल. म्हणून चार पॅनलं, दोन-दोनच्या दोन जोड्या. दाब शंभराच्या आसपास, क्षमता 2160 वॅट, आणि ऑगस्टमध्ये दोन तासांपेक्षाही कमी ऊन मिळालं तरी त्या दिवसाचं भागेल.

पॅनल किती कलतं ठेवायचं यावर खरी चर्चा झाली. 19 अंश अक्षांश, म्हणून 19 अंश दक्षिणेकडे, असं सरधोपट सांगतात. पण मुंबई परिसरात शून्य सावलीचे दिवस मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी येतात. मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. शिवाय ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून झिरपतो, पॅनल जितकं आडवं तितका तो जास्त घेतं. हिवाळ्यात ऊन भरपूर असल्याने तेव्हा थोडं गमावलं तरी चालतं. कल दहा अंश ठरला. त्याहून कमी केला तर ट्रेलरच्या रस्त्यांची धूळ पावसाने धुऊन जात नाही, खालच्या कडेला चिखल साचतो.

कमी कलाचा आणखी एक फायदा म्हणजे वारा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगडात पत्रे कसे उडवले ते सर्वांना आठवत होतं. ताशी 120 किलोमीटरचा वारा अडीच चौरस मीटरच्या उभ्या फळीवर पावणेदोनशे किलोंच्या आसपास जोर देतो. पॅनलचं स्वतःचं वजन जेमतेम 28. म्हणून सांगाडा पत्र्याला न अडकवता खाली काँक्रीटच्या बीमपर्यंत नेलेला, गरम गॅल्वनाइज केलेला, आणि बोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेसचे. खाडीच्या खाऱ्या हवेत साधा बोल्ट लवकरच गंजतो. पॅनल आणि पत्रा यांत वीतभर मोकळी जागाही हवी. 65 अंशांपर्यंत तापलेलं पॅनल सुमारे चौदा टक्के वीज गमावतं.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तास, म्हणजे पाच युनिट, त्यातली चार वापरायची. फ्रीज आणि पंप बंद ठेवले तर दोन दिवसांच्या वर पुरते. घरच्यांना बारा व्होल्टची स्वस्त जोडणी सुचवली गेली होती. दाब चौपट केला की प्रवाह चौथाई होतो आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्श्यावर येते, हे दादांनी तारेचा जाड तुकडा हातात देऊन समजावलं. इन्व्हर्टर तीन केव्हीएचा, कारण पंप सुरू होताना क्षणभर चालतेवेळच्या चार-पाचपट ओढतो. पंप आणि मिक्सर दुपारीच चालवायचे, पॅनल भर वीज देत असताना. आणि पॅनलच्या बाजूला डीसीचेच ब्रेकर. त्या प्रवाहातली ठिणगी आपोआप विझत नाही, घरगुती ब्रेकर तिथे आग लावू शकतो. या एका जागी पैसे वाचवू नका, असं दादा दोनदा म्हणाले, आणि मलाही ते पुन्हा लिहावंसं वाटतं.

राहिले गणपती. पाच दिवस पाहुणे, रोषणाई, पंखे दुप्पट. तेवढ्यासाठी बॅटरी दुप्पट करणं परवडणार नाही. त्या पाच दिवसांसाठी भाड्याच्या जनरेटरची जोडणी आणि एक चेंजओव्हर स्विच. आजींनी त्याला मात्र हरकत घेतली नाही. स्विच कुठे बसवायचा यावर मुलगा म्हणाला, बाहेर पडवीत, वर. सुनेने लगेच सांगितलं की तो रात्रपाळीला असतो, बॅटरीचा आकडा आणि स्विच दोन्ही ओट्याच्या बाजूला, तिच्या खांद्याच्या उंचीवर हवेत. दादांनी नकाशावर आधीची फुली खोडून स्वयंपाकघरात नवी मारली.