दाब उतरला आणि मोटार जळाली

गेल्या रब्बीतील गोष्ट. आमच्या मुधोळजवळच्या एका खेड्यातील माझा जुना विद्यार्थी सकाळीच दारात उभा राहिला. विहिरीवरील पाच अश्वशक्तीची मोटार एकाच हंगामात दुसऱ्यांदा जळाली होती. वाइंडिंगवाल्याचा खर्च तर होताच, पण त्याहून मोठा घोर म्हणजे रानातला मका पाण्यावाचून उभा होता. चहा घेता घेता त्याने विचारले, "गुरुजी, होल्टेज कमी म्हंजी वीज कमी. कमी होल्टेजला घरचा हीटर नुसता कोमट होतो. मग मोटारच जळती कशी?"

मी मराठीचा पदवीधर. आकडेमोडीशी माझा संबंध हजेरीपट आणि पगारपत्रक एवढाच. परंतु प्रश्न इतका नेमका होता की, आठवी-नववीचे विज्ञानाचे पुस्तक काढून बसणे भाग पडले.

प्रथम हीटर घेऊ. बादलीत सोडावयाच्या त्या सळईवर '२३० व्होल्ट, १५०० वॅट' असे छापलेले असते. व्होल्ट हे विजेच्या दाबाचे माप, वॅट हे शक्तीचे. दाबास धारेने गुणले की शक्ती मिळते. म्हणून १५०० ला २३० ने भागले असता धारा निघते सुमारे साडेसहा अँपिअर. आता दाबास धारेने भागले की सळईचा रोध हाती येतो, तो सुमारे ३५ ओहम. हा रोध सळईचा स्वभावच म्हणावयाचा. तो फारसा बदलत नाही. त्यामुळे दाब १८० वर उतरला की धाराही त्याच प्रमाणात उतरून पाच अँपिअरच्या आसपास येते. दोन्ही घटल्यामुळे शक्ती दुहेरी घटते आणि १५०० वॅटची सळई जेमतेम ९२० वॅटची उरते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयास एरवी सतरा-अठरा मिनिटे लागत असतील, तर आता अठ्ठावीस-एकोणतीस लागतील. बिलाचे युनिट मात्र जवळपास तितकेच पडतील. दाब कमी असला की बिल वाढते, ही आमच्या घरातील समजूत या हिशेबापुढे टिकली नाही. (गृहिणीस ती अद्याप मान्य नाही, हा भाग वेगळा.)

मोटारीचा स्वभाव याच्या उलट. सळई मिळेल त्यात भागवते, मोटार भागवत नाही. पंपास विहिरीतून तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवावयाचे असते. काम कमी होत नाही, म्हणजे शक्तीही तेवढीच लागते. दाब घटला तर ती भरून काढण्यास मोटार धारा अधिक ओढते. तीन फेजच्या ४१५ व्होल्टवर पाच अश्वशक्तीची मोटार साधारणतः साडेसात अँपिअर घेते. ३४० व्होल्टवर तीच नऊच्या पुढे जाते. वाइंडिंगमधील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे धारा सव्वापटीच्या जवळ गेली की उष्णता दीडपट होते. तारेवरील रोगण ती किती दिवस सोसणार?

हा दाब जातो कोठे, याचे उत्तर ज्याने प्रथम हिशेबात मांडले, तो गेओर्ग झिमोन ओहम आमच्याच जातीचा, म्हणजे शाळामास्तर होता. जन्म १७८९ चा, वडील कुलपे करणारे कारागीर. जर्मनीतील कोलोन येथे शिकवीत असताना त्याने एकाच जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा घेऊन धारा मोजली. त्याच्या विद्युतघटाचाही दाब सारखा खालीवर होई! अखेर एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवलेल्या तांबे-बिस्मथच्या जोडीने त्याला स्थिर दाब दिला. तार जितकी लांब तितका रोध अधिक, हे त्याला दिसले. १८२७ साली त्याचा ग्रंथ आला तेव्हा मायदेशात त्याचे थंडे स्वागत झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले ते १८४१ साली.

तर आमच्या शेतकऱ्याची तार. रोहित्रापासून विहीर चारशे मीटर. वायर ॲल्युमिनियमची, सहा चौरस मिलिमीटरची. अशा एका तारेचा रोध सुमारे १.९ ओहम भरतो. नऊ अँपिअरच्या धारेस तिच्यातच सुमारे सतरा व्होल्ट खर्ची पडतात, आणि तीन फेजचा हिशेब केला तर पंचवीसच्या घरात. वायरमनला बरोबर नेऊन आम्ही मोजले: रोहित्राशी ३६५, स्टार्टरशी ३४०. रोहित्रावरच दाब पडला होता, कारण सकाळी सगळ्या विहिरी एकदमच सुरू होतात. १ जानेवारी २०१८ पासून तेलंगणात शेतीस चोवीस तास मोफत विजेची योजना आली, पण पाणी देण्याची जुनी वेळ काही सुटली नाही.

खरा घोटाळा स्टार्टरच्या पेटीत निघाला. धारा वाढली की मोटार बंद पाडणाऱ्या रिलेचा काटा त्याने शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता.

"सारखी पडायची हो गुरुजी, म्हणून."

"अरे, राखणदार भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधलेस!"

तो हसला नाही. त्याच आठवड्यात उधारीवर सोळा चौरस मिलिमीटरची तार आणली. स्टार्टरशी ३५५ मिळू लागले. काटा साडेसातवर आणला. तेव्हापासून सकाळच्या गर्दीत रिले पडतेच, म्हणून तो रात्री दहानंतर बॅटरी घेऊन रानात जातो. साप-किरडाची भीती म्हणून बायको ओरडते. मका मात्र घरी आला, आणि मोटार अजून तीच आहे.